लहान मुलांतील बारीक जंत : दुसरी गोळी, सकाळची आंघोळ आणि घरातील सर्वांचा एकाच दिवशी उपचार

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार यांसाठी हा भाग ओळखला जातो. येथील असंख्य घरांत मराठी बोलली जाते, शाळेत हिंदी शिकवली जाते आणि मोठ्या दुखण्यासाठी नागपूर गाठले जाते. त्यामुळे एकाच दुखण्याला येथे दोन-तीन नावे असतात. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून मूल रडत उठले, की आजी म्हणते ‘जंत झाले’, शेजारीण म्हणते ‘चुनचुने’, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिसरेच नाव येते. घरातले ‘जंत’ हे नाव मात्र पोटातील सगळ्याच कृमींना सरसकट लावले जाते. उपचार अर्धवट राहण्याचे एक कारण याच सरसकट नावात आहे.

रात्रीची खाज ज्यांच्यामुळे सुटते ते बारीक, पांढरे, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे कृमी. इंग्रजीत त्यांना पिनवर्म आणि शास्त्रीय परिभाषेत एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस म्हणतात. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब असते. नर त्याहून पुष्कळ लहान असतो आणि सहसा दिसतही नाही. गांडुळासारखे लांब जंत किंवा रक्त शोषणारे अंकुशकृमी यांच्याशी या कृमींची गल्लत करू नये. ते दोन्ही मातीतून येतात. उघड्यावरील शौच, अनवाणी चालणे, न धुतलेली भाजी हा त्यांचा मार्ग. बारीक जंताला मातीची गरज नसते. तो माणसाकडून माणसाकडे, बोटांवरून तोंडात जातो. म्हणूनच पक्के घर, शौचालय आणि नळाचे पाणी असलेल्या कुटुंबातही तो तितक्याच सहजपणे आढळतो. श्रीमंत देशांतील शाळकरी मुलेही त्यातून सुटलेली नाहीत. मुलाला बारीक जंत झाले म्हणजे घर अस्वच्छ, असा अर्थ काढून आईला दोष देण्याची जी रीत आहे, तिला कोणताही आधार नाही.

या कृमीची माणसाशी सोबत फार जुनी आहे. अमेरिकेतील यूटा प्रांतातल्या एका गुहेत सापडलेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या मानवी विष्ठेत त्याची अंडी आढळली आहेत. माणूस हाच त्याचा यजमान आहे. कुत्रा, मांजर, बकरी किंवा गाय यांच्यापासून तो होत नाही. मुलाला जंत झाले म्हणून घरचे मांजर हाकलून देण्याचे कारण नाही.

रात्री नेमके काय घडते

अंडे तोंडावाटे पोटात गेले की ते लहान आतड्यात फुटते. त्यातून निघालेली अळी वाढत वाढत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाऊन राहते. अंडे गिळल्यापासून पूर्ण वाढलेली मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण एक महिना जातो. अंडी घालण्याची वेळ झाली की मादी रात्री, मूल झोपलेले असताना, आतड्यातून खाली उतरते, गुदद्वाराबाहेर येते आणि तेथील त्वचेवर चिकट द्रवासह अंडी घालते. एका मादीची अंडी दहा हजारांच्या वर असतात. खाज या हालचालीची आणि चिकट द्रवाची असते. मूल झोपेतच खाजवते आणि अंडी नखांत शिरतात. घातलेले अंडे चार ते सहा तासांतच संसर्ग करण्याजोगे होते. सकाळी तेच बोट तोंडात गेले, किंवा त्याच हाताने धाकट्या भावंडाला बिस्किटाचा तुकडा भरवला, की नवे चक्र सुरू होते.

पांघरूण, चड्डी, उशी, खेळणी, दाराची कडी यांवर पडलेली अंडी दमट आणि थंड जागी दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. कोरडी उष्णता आणि ऊन त्यांना सोसत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या वैशाखातील उन्हात अंगणात दिवसभर पसरलेली गोधडी हा म्हणूनच चांगला उपाय आहे. तीच गोधडी श्रावणात दांडीवर तीन दिवस ओलसर राहिली, तर धुतल्याचा फायदा बराचसा वाया जातो. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात हवा वर्षातील बहुतेक काळ दमट असते. तेथे उन्हाच्या भरवशावर न राहता कढत पाण्याने धुण्यावर अधिक भर द्यावा लागतो.

ओळखावे कसे

झोप लागल्यानंतर दोन-तीन तासांनी रडत उठणे, चड्डीत हात घालून खाजवणे, अंथरुणात तळमळणे, दिवसा चिडचिड ही नेहमीची लक्षणे. काही मुलांना कोणताही त्रास जाणवत नाही, तरी त्यांच्या पोटात कृमी असतात आणि ती इतरांना संसर्ग देत राहतात. मुलींच्या बाबतीत मादी कृमी पुढच्या बाजूला सरकून योनिमार्गाशी जाऊ शकते. त्यातून तेथे खाज, लाली, पांढरा स्राव, लघवीला जळजळ असे त्रास होतात. चार-पाच वर्षांच्या मुलीला ही तक्रार असेल तर घरात चर्चा वेगळ्याच दिशेला जाते, किंवा लाजेपोटी गप्पच बसले जाते. असा त्रास सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवताना रात्रीच्या खाजेचाही उल्लेख आवर्जून करावा.

झोपेत दात खाणे, तोंडातून लाळ गळणे, गालावर पांढरे डाग ही जंतांची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या लक्षणांवरून बारीक जंतांचे निदान करता येत नाही. ‘गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात’ हेही तसेच. गोड खाण्याने दात किडतात. जंत मात्र अंडे पोटात गेल्यानेच होतात.

खात्री करण्याचा सर्वांत सोपा मार्ग टॉर्च. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी त्याला कुशीवर वळवून गुदद्वाराच्या कडेला उजेड टाकून पाहावे. कृमी असतील तर वळवळणारे पांढरे दोरे दिसतात. दुसरा मार्ग चिकटपट्टीचा. अमेरिकी संशोधक ग्रॅहॅम यांनी १९४१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच वापरली जाते. सकाळी मूल उठताच, शौचाला किंवा आंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक सेलोटेपचा तुकडा गुदद्वाराच्या कडेच्या त्वचेवर हलकेच दाबून काढायचा आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायचा. काचपट्टी आधी दवाखान्यातून आणावी. टेप पूर्ण पारदर्शक हवी, धुरकट नको. एका सकाळी अंडी सापडली नाहीत तर सलग तीन सकाळी हे करावे. चाचणी करणाऱ्याने लगेच साबणाने हात धुवावेत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शौचाची तपासणी या कृमीसाठी फारशी उपयोगाची नाही, कारण मादी अंडी आतड्यात नव्हे तर बाहेरील त्वचेवर घालते. शौचाचा अहवाल ‘निरंक’ आला म्हणून निश्चिंत झालेल्या घरांत खाज महिनोन्‌महिने चालू राहते.

औषध : दोन वेळा, आणि सर्वांना

बारीक जंतांवर तीन औषधे प्रामुख्याने वापरली जातात : अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल आणि पायरँटेल. आपल्याकडे अल्बेंडाझोल सर्वत्र मिळते आणि सरकारी दवाखान्यांत ते मोफत दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांना व मोठ्यांना सामान्यतः ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली जाते, आणि तीच मात्रा दोन आठवड्यांनी पुन्हा.

पुन्हा कशासाठी, हे नीट समजले तर दुसरी गोळी कोणी चुकवणार नाही. औषध त्या वेळी आतड्यात असलेल्या कृमींना मारते. अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. पहिल्या गोळीच्या दिवशी नखांत, चादरीवर किंवा नुकतीच पोटात गेलेली अंडी वाचतात आणि त्यांतून पुढच्या काही दिवसांत नवे कृमी तयार होऊ लागतात. त्यांना वाढून अंडी घालण्यासाठी साधारण महिना लागतो. दोन आठवड्यांनी दिलेली दुसरी गोळी त्यांना अंडी घालण्यापूर्वीच गाठते. दुसरी गोळी महिना-दीड महिन्याने आठवण झाल्यावर दिली, तर तोपर्यंत नव्या माद्यांनी आपले काम उरकलेले असते. कालनिर्णयाच्या पानावर पहिल्या गोळीच्या दिवशी आणि बरोबर चौदा दिवसांनंतरच्या तारखेवर खूण करून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

दुसरी अट तितकीच महत्त्वाची. घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे. खाज असो वा नसो. एका खोलीत, एकाच मोठ्या अंथरुणावर तीन भावंडे आणि आजी झोपत असतील, तर केवळ रडणाऱ्या मुलाला गोळी देऊन काही साधत नाही. बागेत संत्री तोडण्यास किंवा कापूस वेचण्यास गेलेल्या आईबापांनी संध्याकाळी परत आल्यावर त्याच दिवशी गोळी घ्यावी. ‘मोठ्यांना कुठे जंत होतात’ हा समज चुकीचा आहे. मुलांचे कपडे धुणाऱ्या आणि त्यांना भरवणाऱ्या व्यक्तीला संसर्ग होण्याचा संभव बराच असतो.

‘सर्वांनी’ या शब्दाला अपवाद आहेत, आणि ते गंभीर आहेत. गर्भवती स्त्रीने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. पाळी चुकली असेल आणि खात्री नसेल, तरी थांबावे. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही विचारून घ्यावे. दोन वर्षांखालील मुलाची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. एक वर्षाखालील बाळाला घरच्या घरी औषध देऊ नये. ज्यांना फिट येतात किंवा फिटची औषधे चालू आहेत, ज्यांना यकृताचा विकार आहे, किंवा जे मूल तापाने आजारी आहे, त्यांनी आधी विचारावे. गोळी चावून खायची असते. लहान मुलाला ती कुटून, पाण्यात कालवून, मूल बसलेले असताना द्यावी. झोपवून, नाक दाबून गोळी घशात ढकलणे धोक्याचे आहे. गोळी श्वासनलिकेत अडकू शकते.

औषधाच्या बाटलीबद्दलही चार शब्द लिहिणे भाग आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात आणि आसपास खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्यानंतर या पट्ट्यातील पालकांच्या मनात कोणत्याही बाटलीबद्दल धास्ती बसली असेल तर ती समजण्याजोगी आहे. पण जंतांची गोळीच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अल्बेंडाझोलच्या एकेका मात्रेचा मोठ्या प्रमाणावरील वापर जगभर अनेक वर्षे चालू आहे. त्या घटनेतून घ्यायचा तो बोध एवढाच : मुलासाठी औषध चिठ्ठीवरच घ्यावे, पावती मागावी, नाव, बॅच क्रमांक व मुदत वाचावी, शेजारच्या मुलाची उरलेली बाटली वापरू नये. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी असेल तर पातळ औषधाचा आग्रहही धरू नये.

शाळेतील गोळीचा हिशेब

२०१५ पासून देशात राष्ट्रीय कृमिमुक्ती दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे त्याचे ठरलेले दिवस; राज्यांच्या सोयीने तारखा पुढेमागे होतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल दिले जाते : एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण. ही मोहीम मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आखलेली आहे. त्यांच्यामुळे होणारा रक्तक्षय आणि खुंटणारी वाढ रोखणे हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. बारीक जंत मात्र या एका गोळीने घरातून जात नाहीत. दुसरी मात्रा नसते आणि घरातील मोठे तर त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. ‘शाळेत गोळी दिली होती, तरी पुन्हा कसे झाले’ या तक्रारीचे उत्तर येथे आहे. औषध निकामी होते असे नव्हे. त्या दिवसाचा उपयोग करून घ्यावयाचा असेल तर मुलाला बारीक जंत असल्याचे आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे, त्याच दिवशी घरच्यांच्या गोळ्यांची व्यवस्था करावी आणि दोन आठवड्यांनंतरच्या मात्रेबद्दल तेव्हाच विचारून ठेवावे.

घरातील कामे

औषधाच्या बरोबरीने, पहिल्या गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतचे दोन आठवडे घरात काही नियम पाळावे लागतात. त्यांतील सर्वांत मोलाचा नियम सकाळच्या आंघोळीचा. रात्री घातलेली अंडी सकाळी त्वचेवरच असतात. उठल्याबरोबर धुतले तर त्यांचा मोठा भाग वाहून जातो. संध्याकाळच्या आंघोळीला हा गुण नाही. मुलाला उभे करून तांब्याने पाणी घालावे. दोन भावंडांना एका टोपात बसवून त्याच पाण्यात आंघोळ घालू नये. पौषातील थंडीत भल्या सकाळी पूर्ण आंघोळ जमत नसेल, तर कोमट पाणी व साबणाने निदान कमरेखालचा भाग धुवावा आणि लगेच स्वच्छ चड्डी घालावी. रात्री मुलाला उघडे झोपवू नये. अंगाशी बसणारी सुती चड्डी घातली की झोपेत बोटे थेट त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत.

नखे अगदी बारीक कापावीत. रात्री नको, शनिवारी नको, अमुक वाराला नको असे करत नखे आठवडाभर वाढतात. रविवारची सकाळ ठरवून टाकली की वाद मिटतो. शौचानंतर, जेवणापूर्वी आणि सकाळी उठल्यावर साबणाने, नखांच्या खालीही, हात धुवावेत. आपल्याकडे शौचानंतर पाण्याने धुतले जाते आणि जेवणही हातानेच होते; त्यामुळे साबणाला येथे पर्याय नाही. पाण्याचा नुसता हात फिरवून अंडी निघत नाहीत, कारण ती चिकट असतात. जंतुनाशक जेलनेही ती मरतील असे धरून चालू नये.

पहिल्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणे, टॉवेल आणि मुलांच्या चड्ड्या एकदा कढत पाण्यात धुवाव्यात व कडक उन्हात वाळवाव्यात. अंथरूण उचलताना झटकू नये. झटकल्याने हलकी अंडी हवेत उडतात, ताटावर पडतात, नाकातोंडात जातात. घडी करून, अंगापासून दूर धरून ते धुण्याच्या जागी न्यावे. पुढे रोज फक्त चड्ड्या आणि रात्रीचे कपडे बदलले तरी पुरे. उन्हाळ्यात जेथे पाणी जपून वापरावे लागते, तेथे रोज सगळे अंथरूण धुण्याचा सल्ला देणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. फरशी कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आधी पाण्याचा हलका शिडकावा करून मग झाडावे. दिवसा खोलीची दारे-खिडक्या उघडून ऊन आत येऊ द्यावे. घरभर फिनेल किंवा कीटकनाशक फवारण्याने काही साधत नाही.

गुदद्वाराशी रॉकेल, लसणाचा रस किंवा तंबाखूचे पाणी लावण्याचे प्रकार पूर्णपणे टाळावेत. त्वचा भाजते, आणि रॉकेल पोटात किंवा फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. वावडिंग आयुर्वेदात कृमिघ्न मानले जाते आणि पुष्कळ घरांत बाळाला वावडिंगाचे पाणी पाजतात. परंतु दोन मात्रांच्या औषधाची जागा त्याने भरून निघत नाही. खाजवून त्वचा सोलवटली असेल तर स्वच्छ धुऊन कोरडी ठेवावी. तेथे पू झाला किंवा सूज वाढली तर दवाखाना गाठावा.

ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला वाढत जाणारी वेदना, किंवा शौचात लांब, गांडुळासारखे जंत दिसणे, यांपैकी काहीही बारीक जंतांच्या नावावर खपवू नये. फिकटपणा आणि दम लागणे हेही या कृमीचे लक्षण नव्हे. तेथे रक्ततपासणी व अंकुशकृमींचा विचार हवा.

दुसऱ्या गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खाज पुन्हा सुरू झाली, तर बहुतेक वेळा तो नवा संसर्ग असतो : शाळेतून, वसतिगृहातून किंवा त्या दिवशी गोळी न घेतलेल्या घरच्याच एखाद्या माणसाकडून. चिकटपट्टीची चाचणी पुन्हा करून डॉक्टरांना दाखवावे. तोच उपचार, त्याच दोन मात्रांनी, पुन्हा द्यावा लागतो. अशा वेळी सुट्टीला आलेले वसतिगृहातील थोरले भावंड हिशेबात धरले होते का, हे आधी पाहावे. मुलाची शाळा बुडवण्याची गरज नाही. पहिली गोळी झाली, नखे कापली, सकाळची आंघोळ झाली, की त्याच दिवशी ते शाळेत जाऊ शकते.